घरदुरुस्तीचे भेटशुल्क : उज्जैनच्या निमित्ताने एक हिशेब

स्वयंपाकघरातील नळ ठिबकू लागतो, पंखा फिरता फिरता थांबतो, गीझरमधील पाणी तापत नाही. कारागिराला दूरध्वनी जातो. तो येतो, दहा-पंधरा मिनिटांत दोष दूर करतो आणि मग जी रक्कम सांगतो ती ऐकून घरमालक अवाक होतो. बदललेला वॉशर दहा-वीस रुपयांचा. मागणी मात्र काही शेकड्यांची. विचारणा केल्यास उत्तर मिळते, ‘येण्याचे पैसे वेगळे.’ हे वेगळे पैसे म्हणजेच भेटशुल्क. बोलीभाषेत त्यास ‘व्हिजिट चार्ज’ म्हणतात.

हा अनुभव कोणत्याही एका शहराचा नाही. तथापि मध्य प्रदेशातील उज्जैन हे शहर या विषयाच्या अभ्यासास सोयीचे आहे. तीर्थयात्रा आणि पर्यटन यांवर वाढणाऱ्या गावात साध्या दुरुस्तीचा दर कोणत्या कारणांनी चढतो, हे तेथे स्पष्ट दिसते. आणि गोमंतकीय वाचकास ती कारणे परकी वाटणार नाहीत. पुढील विवेचनात भेटशुल्काचे प्रकार, त्यामागील हिशेब, पूर्वीची रूढी, प्रचलित कायदा आणि ग्राहकाने घ्यावयाची खबरदारी यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

एक शब्द, तीन अर्थ

भेटशुल्काविषयीचे बहुतेक वाद रकमेपेक्षा शब्दार्थामुळे उद्भवतात. व्यवहारात या एका शब्दाचे तीन निरनिराळे अर्थ रूढ आहेत.

पहिल्या अर्थाने ते केवळ येण्याजाण्याचे शुल्क असते. काम झाले अथवा न झाले, तरी ते द्यावे लागते आणि मजुरी त्याखेरीज आकारली जाते. दुसऱ्या अर्थाने ते येणे व दोष शोधणे यांचे शुल्क असते. ग्राहकाने काम करवून घेतल्यास ते एकूण मजुरीतून वजा होते, न करवून घेतल्यास तेवढेच देणे लागते. तिसऱ्या अर्थाने ती किमान मजुरी असते. पहिल्या अर्ध्या किंवा एका तासाचे काम तिच्यात समाविष्ट असते.

कारागिराच्या मनात पहिला अर्थ आणि ग्राहकाच्या मनात दुसरा किंवा तिसरा अर्थ असला, म्हणजे दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असूनही भांडण होते. काम सुरू होण्यापूर्वी यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे विचारले गेले, तर निम्मे वाद जन्मासच येणार नाहीत.

उज्जैनची परिस्थिती

उज्जैनचा मराठी मुलखाशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकात हे शहर शिंद्यांच्या सत्तेचे केंद्र होते. महाकालेश्वर मंदिराचा त्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी केला. शेणवी म्हणून इतिहासास ज्ञात असलेल्या या पुरुषाचे नाव गोव्यात व कोकणात आजही आदराने घेतले जाते. पुढे दौलतराव शिंद्यांच्या काळात राजधानी ग्वाल्हेरला गेली. तथापि मराठी कुटुंबे, वाडे आणि मंदिरे उज्जैनमध्ये राहिली.

जुन्या शहराची बांधणी दाट आहे. महाकाल, गोपाळ मंदिर, पटनी बाजार, सती गेट या परिसरातील गल्ल्या अरुंद आहेत. रेल्वेमार्गाच्या पलीकडे फ्रीगंजची आखीव वसाहत आहे, तर नानाखेडा, देवास मार्ग आणि इंदूर मार्ग या बाजूंना नवी वस्ती पसरली आहे. परिणामी कारागीर शहराच्या एका टोकास राहतो आणि काम दुसऱ्या टोकास निघते, असा प्रसंग वारंवार येतो. श्रावणातील सोमवारी महाकालाची सवारी निघते, त्या वेळी तसेच नागपंचमी आणि महाशिवरात्र या दिवशी मंदिराभोवतीच्या वाहतुकीवर निर्बंध असतात. अशा दिवशी पाच मिनिटांच्या कामासाठी तासाभराचा प्रवास करावा लागणे नवलाचे नाही.

भूगोलही दुरुस्तीच्या कामात भर घालतो. माळव्याचे पठार बेसाल्ट खडकाचे असून त्यावर काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतींना तडे जाणे व जमिनीखालील नळांचे सांधे सैल होणे असे प्रकार घडतात. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यामुळे नळांच्या तोंडाशी आणि गीझरच्या एलिमेंटवर पांढरा थर साचतो. शहरास पाणी प्रामुख्याने गंभीर धरणातून मिळते. उन्हाळ्यात साठा घटून पुरवठ्यात कपात झाली, की घरोघरच्या टाक्या, मोटारी आणि टाकी भरताच पाणी थांबवणारे चेंडूचे व्हॉल्व्ह यांवरचा भार वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा कूलरचा पंप, पंख्याची मोटार, वातानुकूलन यंत्राचा कपॅसिटर या सर्वांच्या दुरुस्त्या एकदमच निघतात.

या नेहमीच्या मागणीत आता यात्रेकरूंच्या व्यवस्थेची भर पडली आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून यात्रेकरूंची वर्दळ वाढली आणि तिच्याबरोबर हॉटेले, धर्मशाळा व घरगुती निवासही वाढले. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ मध्ये भरावयाचा आहे आणि त्याच्या पूर्वतयारीची बांधकामे चालू आहेत. ज्या वायरमनला एखाद्या हॉटेलात दिवसभराचे काम मिळू शकते, त्याने एका घरातील एका स्विचसाठी वेळ काढावा अशी अपेक्षा असेल, तर त्या दिवसभराच्या कामाशी त्या घरास स्पर्धा करावी लागते. स्थानिक रहिवाशास जाणवणारी दरवाढ काही अंशी या स्पर्धेची किंमत होय.

गोव्यातील चित्र याहून फार निराळे नाही. पर्यटनाच्या हंगामात किनारपट्टीवरील हॉटेलांकडे कारागीर खेचले जातात. पावसाळ्यापूर्वी कौले व गळती, आणि चवथीपूर्वी रंगकाम व वीजजोडण्या यांची घाई होते. मागणीच्या या लाटेत एकेकट्या घराचे लहान काम मागे पडते किंवा महाग होते.

आकडा कसा तयार होतो

दहा मिनिटांच्या कामास तीनशे-साडेतीनशे रुपये का, या प्रश्नाचे उत्तर कारागिराच्या संपूर्ण दिवसात शोधावे लागते. एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल.

एका प्लंबरचा कामाचा दिवस आठ तासांचा, म्हणजे ४८० मिनिटांचा आहे. प्रत्येक ठिकाणी जाणे-येणे, पत्ता शोधणे आणि दुकानातून सुटा भाग आणणे यांत सरासरी ६० मिनिटे जातात. दोष पाहणे आणि बोलणी यांत १० मिनिटे व प्रत्यक्ष कामात २० मिनिटे लागतात. एका घरासाठी अशी ९० मिनिटे खर्च होतात. दिवसात तो पाच घरे करू शकतो. त्यास ४५० मिनिटे लागतात. दिवसाअखेर त्याच्या हाती १,५०० रुपये उरावेत आणि इंधन, दूरध्वनी व अवजारांची झीज यांसाठी २५० रुपये निघावेत असे धरले, तर पाच घरांकडून १,७५० रुपये, म्हणजे प्रत्येक घराकडून ३५० रुपये येणे आवश्यक ठरते.

या साडेतीनशे रुपयांत प्रत्यक्ष हातकामाचा वाटा एक-चतुर्थांशाहूनही कमी आहे. उर्वरित रक्कम रस्त्यासाठी आणि खोळंब्यासाठी दिली जाते. ग्राहकास दिसतात ती वीस मिनिटे; कारागिरास मोजावी लागतात ती नव्वद. शिवाय ज्या दिवशी पाचऐवजी दोनच कामे येतात, त्या रिकाम्या दिवसाचा भारही अन्य दिवसांच्या दरांतून वसूल करावा लागतो. त्यास पगारी रजा नसते, आजारपणाचा दिवस म्हणजे बुडालेला दिवस असतो. म्हणून भेटशुल्क ही मुळातच लबाडी होय, असे मानणे न्याय्य नाही.

याच हिशेबातून ग्राहकाच्या उपयोगाचा एक निष्कर्ष निघतो. तीन लहान कामे तीन वेगवेगळ्या दिवशी करवून घेतल्यास वरील उदाहरणात १,०५० रुपये लागतील. तीच कामे एकाच भेटीत उरकल्यास प्रवासाची ६०, बोलण्याची १० आणि कामाची ६० अशी एकूण १३० मिनिटे होतात. त्याच दराने त्यांचे मोल सुमारे पाचशे रुपये येते. घरातील बारीकसारीक दोषांची यादी करून ठेवणे आणि तातडी नसल्यास ती एकत्र हातावेगळी करणे, हा भेटशुल्काचा भार हलका करण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.

बलुत्यापासून भेटशुल्कापर्यंत

दर फेरीचे वेगळे पैसे ही कल्पना आपल्या समाजात तुलनेने नवी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेपद्धतीत सुतार, लोहार इत्यादी कारागिरांना पिकाच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा मिळे. वर्षभरात नांगर किती वेळा मोडला याची मोजदाद होत नसे. दुरुस्ती हा त्या वाट्याच्या मोबदल्यातील कर्तव्याचा भाग असे. या व्यवस्थेत जातिबंधन होते, कारागिरास दर ठरवण्याचे स्वातंत्र्य नव्हते आणि पडत्या वर्षी त्याचाच वाटा प्रथम आटे. ती व्यवस्था आदर्श नव्हती. मात्र तिच्यात मोबदला आधीच ठरलेला असे. शहरात हा सलग संबंध तुटला, प्रत्येक काम अनोळखी माणसाशी होणारा स्वतंत्र सौदा बनला आणि येण्याजाण्याचा खर्च त्या सौद्यात उघडपणे अवतरला.

मोबदला आधी ठरलाच नसेल तर काय करावे, हा प्रश्नही जुनाच आहे. उज्जयिनी ज्या अवंती प्रांताची राजधानी होती तो प्रांत मौर्य साम्राज्यात मोडत असे, आणि कौटिल्याच्या नावावर असलेल्या ‘अर्थशास्त्रा’त या प्रश्नाचा नेमका विचार आढळतो. त्यातील विधानांचा आशय असा, की कारू, शिल्पी, वैद्य यांसारख्यांचे वेतन ठरलेले नसल्यास त्याच प्रकारचे काम करणारा दुसरा जे घेईल ते, किंवा जाणकार जे ठरवतील ते, त्यांना मिळावे. याच ग्रंथाच्या कंटकशोधन या अधिकरणात कारागिरांपासून प्रजेचे रक्षण करण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. ठरलेली वेळ टाळल्यास वेतनात चतुर्थांश घट व दंड, आणि सांगितल्याहून वेगळेच काम केल्यास वेतन गमावणे व दंड, अशी तरतूद तेथे आहे. आर. शामशास्त्री यांना या ग्रंथाचे हस्तलिखित १९०५ मध्ये म्हैसूर येथे उपलब्ध झाले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते प्रकाशित केले. दोन सहस्रकांपूर्वीच्या त्या विचारात ‘त्याच कामाचा दुसऱ्याचा दर’ हे जे प्रमाण सांगितले आहे, तेच आजही कायद्याच्या मुळाशी आहे.

प्रचलित कायदा काय म्हणतो

भारतात खाजगी प्लंबर, वायरमन अथवा सुतार यांच्या भेटशुल्कावर कमाल मर्यादा घालणारा सर्वसाधारण कायदा नाही. दर किती असावा हे बाजार ठरवतो. कायदा हस्तक्षेप करतो तो दर लपवला गेल्यास, ठरलेल्याहून अधिक घेतला गेल्यास किंवा खोटी गरज दाखवून वाढवला गेल्यास.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ येथे लागू होतो. मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही या कायद्यातील ‘सेवा’ होय. कायद्याने वगळलेली ‘वैयक्तिक सेवा’ म्हणजे मालक-नोकर स्वरूपाची सेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. घरी बोलावलेला कारागीर आपल्या कौशल्याने स्वतंत्रपणे काम करतो, तो घरचा नोकर नसतो. म्हणून त्याचे काम कायद्याच्या कक्षेत येते.

या कायद्यातील तीन तरतुदी विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, सेवेच्या किमतीची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. दुसरी, कायद्याने निश्चित केलेल्या, दरपत्रकात दर्शवलेल्या किंवा उभय पक्षांत ठरलेल्या किमतीहून अधिक रक्कम घेणे, हे तक्रारीचे स्वतंत्र कारण आहे. तिसरी, एखाद्या वस्तूची वा सेवेची गरज असल्याचे खोटे सांगणे, तसेच दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे, यांचा समावेश अनुचित व्यापारी प्रथांत होतो. कपॅसिटर बदलून भागत असताना संपूर्ण मोटार जळाल्याचे सांगणे, हे तिसऱ्या तरतुदीचे ठळक उदाहरण ठरेल.

दुसऱ्या तरतुदीचा अर्थ बारकाईने समजून घेणे अगत्याचे आहे. दर आधी ठरला असेल, तर त्याहून एक रुपया अधिक घेणेही तक्रारीस पात्र ठरते. दर ठरलाच नसेल आणि दरपत्रकही नसेल, तर केवळ ‘फार महाग वाटले’ एवढ्यावर तक्रार उभी राहणे कठीण होते. अशा वेळी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आधार उरतो. फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याचा मोबदला दिला पाहिजे, असे हे कलम सांगते. म्हणजे ग्राहकास ‘काहीच देणार नाही’ म्हणता येत नाही, आणि न ठरलेल्या रकमेसाठी कारागिरासही ‘मी म्हणेन तेच’ असा आग्रह कायद्याने धरता येत नाही. परंतु वाजवी रक्कम कोणती, हे सिद्ध करण्याचे ओझे मग दोघांवर येऊन पडते. कामापूर्वी भ्रमणध्वनीवर पाठवलेला एका ओळीचा संदेश हे ओझे टाळतो.

घरी झालेली दुरुस्ती आणि दुकानात दिलेली वस्तू यांतही फरक आहे. मिक्सर किंवा पंखा दुरुस्तीसाठी दुकानात ठेवला आणि त्यावर श्रम व कौशल्य खर्च झाले, तर करार कायद्याच्या कलम १७० अन्वये वाजवी मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखून धरण्याचा अधिकार दुकानदारास असतो. म्हणून दुकानात वस्तू ठेवतानाही तपासणीचे शुल्क आणि अंदाजित खर्च लिहून घेणे हिताचे असते.

बिल, कर आणि सुटे भाग

‘बिल हवे असेल तर अठरा टक्के जास्त’ हे वाक्य अनेकांच्या कानांवरून गेलेले असते. बिल आणि वस्तू व सेवा कर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मध्य प्रदेशात आणि गोव्यातही वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांपर्यंत असलेल्या सेवापुरवठादारास सर्वसाधारणपणे करनोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसलेल्याने ग्राहकाकडून हा कर वसूल करणे कायद्यास धरून नाही. मात्र साधी पावती देण्यास त्यास कोणतीही आडकाठी नाही. कर आकारला असेल, तर बिलावर नोंदणी क्रमांक असणे आवश्यक असते.

सुट्या भागांच्या बाबतीत वेष्टनावरील कमाल विक्री किमतीहून अधिक रक्कम घेता येत नाही. कारागिराने भाग स्वतः आणला, तर त्याच्या फेरीचे पैसे तो मजुरीत मागू शकतो. छापील किमतीत वाढ करू शकत नाही. स्विच, वायर, एमसीबी आणि गीझर यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागणे हा अविश्वास नव्हे. तो भाग खरोखर निकामी झाला होता काय, हे पडताळण्याचे ते एकमेव साधन असते.

अ‍ॅपद्वारे कारागीर बोलावल्यास आणखी काही नियम लागू होतात. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार वस्तू वा सेवेची एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवणे आणि प्रवासखर्च व कर यांसह तिची फोड देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे. किमतीचे घटक आधी न दाखवता टप्प्याटप्प्याने पुढे करणे ही त्यांपैकी एक होय. दरपत्रक आधी दिसणे हा अ‍ॅपचा लाभ आहे. तथापि कारागिराने घरी येऊन ‘अ‍ॅप बंद करा, थेट द्या’ असे सुचवल्यास आणि ग्राहकाने ते मान्य केल्यास ठरलेल्या दराचा पुरावा व कामाची हमी, दोन्ही गमावली जातात.

घरगुती उपकरणांच्या संदर्भात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. हमीचा काळ, अधिकृत सेवाकेंद्रे आणि सुटे भाग यांची माहिती कंपन्यांनी तेथे द्यावी, असा त्यामागील उद्देश आहे. हमी चालू असलेल्या उपकरणासाठी बाहेरचा कारागीर बोलावण्यापूर्वी ही माहिती पाहणे श्रेयस्कर.

अन्य देशांतील व्यवस्था

ब्रिटनमध्ये ग्राहक हक्क कायदा, २०१५ च्या कलम ५१ प्रमाणे सेवेची किंमत ठरली नसल्यास ग्राहकाने वाजवी किंमत द्यावी, अधिक नव्हे. जर्मनीच्या नागरी संहितेत दर ठरला नसल्यास प्रचलित दर मान्य केला जातो आणि संशयाच्या प्रसंगी खर्चाचा अंदाज देण्याबद्दल वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. त्या देशात घरदुरुस्तीच्या मजुरीचा व कारागिराच्या प्रवासखर्चाचा वीस टक्के भाग, वर्षाला १,२०० युरोंच्या मर्यादेत, प्राप्तिकरातून वजा करून मिळतो. अट एवढीच, की बिल असावे आणि पैसे बँकेमार्फत दिलेले असावेत. बिल मागण्यात ग्राहकाचा थेट लाभ असल्याने पावतीची सवय तेथे आपोआप दृढ झाली.

बोलावण्यापूर्वी

काही दोषांसाठी खाजगी कारागिराची आवश्यकताच नसते. मीटरपर्यंतची वीजवाहिनी ही वितरण यंत्रणेची जबाबदारी असते. उज्जैनमध्ये ती पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीची, गोव्यात वीज खात्याची. शेजारच्या घरीही वीज नसेल, तर प्रथम १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. स्वयंपाकाच्या गॅसची गळती जाणवल्यास रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून आणि विजेचे कोणतेही बटण न दाबता घराबाहेर येऊन १९०६ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. शुल्काच्या धास्तीने गॅसगळती, विजेचा धक्का किंवा पुन्हा पुन्हा पडणारा एमसीबी यांकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. भेटशुल्काच्या अपारदर्शकतेचा खरा धोका येथेच आहे. पैसे किती लागतील हे ठाऊक नसल्याने वृद्ध किंवा एकटी राहणारी माणसे आवश्यक दुरुस्तीही पुढे ढकलतात.

कारागिरास दूरध्वनी करताना पुढील पाच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे संदेशाने मागवून घ्यावीत :

१. येण्याचे शुल्क किती? काम केल्यास ते मजुरीतून वजा होईल काय?

२. मजुरी कामावर आहे की तासावर? किमान आकारणी किती?

३. रात्री, रविवारी किंवा सणाच्या दिवशी दर वेगळा आहे काय?

४. सुटे भाग कोण आणणार? त्यांची मूळ पावती मिळेल काय?

५. तोच दोष पुन्हा उद्भवल्यास किती दिवसांपर्यंत नवे भेटशुल्क लागणार नाही?

दोषाचे छायाचित्र किंवा छोटी चित्रफीत आधी पाठवल्यास कारागीर योग्य भाग बरोबर आणतो आणि दुसरी फेरी वाचते. परगावी राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांच्या घरासाठी कारागीर ठरवताना ही बोलणी स्वतः करावीत आणि ठरलेली रक्कम घरी कळवावी. कारागीर दारात उभा असताना दराची चर्चा करणे वृद्धांना संकोचाचे वाटते, आणि जादा आकारणी नेमकी त्याच संकोचावर पोसली जाते.

ग्राहकाचीही काही कर्तव्ये आहेत. वेळ देऊन घरी नसणे, एकाच कामासाठी तिघांना बोलावून दोघांना परत पाठवणे, दोष शोधून घेऊन काम दुसऱ्याकडून करवून घेणे, यांमुळे कारागिराचा दिवस वाया जातो आणि त्याचा भुर्दंड पुढच्या घरावर पडतो. आलेल्या माणसास ठरलेले भेटशुल्क देणे हे त्याच्या वेळेचे मोल आहे.

तक्रार कोठे करावी

वाद झालाच, तर प्रथम रकमेची फोड लेखी मागावी आणि पैसे शक्यतो ऑनलाइन द्यावेत, म्हणजे व्यवहाराची नोंद राहते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मराठीसह सतरा भाषांत ही सोय आहे. कंपनी किंवा अ‍ॅप यांच्याविरुद्धच्या तक्रारींत या मार्गाचा विशेष उपयोग होतो. एकट्याने काम करणाऱ्या स्थानिक कारागिराच्या बाबतीत त्याची परिणामकारकता मर्यादित असते.

याने निराकरण न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. उज्जैन जिल्ह्यासाठी असा आयोग आहे. गोव्यात उत्तर व दक्षिण जिल्ह्यांसाठी स्वतंत्र आयोग आहेत. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे अर्ज करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ऑनलाइन तक्रारीसाठी पूर्वीच्या ई-दाखिलच्या जागी आता ई-जागृती ही प्रणाली आहे. चारशे रुपयांसाठी आयोगाची पायरी चढणारे थोडेच असतात, हे खरे. परंतु खोटे निदान करून हजारो रुपये उकळले गेले असतील, तर दर ठरवल्याचा संदेश, पावती आणि जुना भाग या तीन वस्तू तक्रारीचा भक्कम आधार ठरतात.

उज्जैनमध्ये सिंहस्थाची आणि गोव्यात दर हंगामाची गर्दी वाढत जाईल, तसे कारागिरांचे दरही वाढतील. ते रोखणे एकट्या ग्राहकाच्या हाती नाही. स्क्रूला हात लागण्यापूर्वी आकडा विचारणे आणि तो लिहून घेणे एवढे मात्र निश्चितच त्याच्या हाती आहे. आधी सांगितलेले साडेतीनशे रुपये महाग वाटले, तर ग्राहक दुसरा कारागीर पाहू शकतो किंवा चार कामे जोडून बोलावू शकतो. काम झाल्यावर सांगितलेल्या साडेतीनशे रुपयांपुढे मात्र त्याच्यापाशी यांपैकी कोणताच पर्याय उरत नाही.